गोचीड करणारी माणसं

चार माणसं एका खोलीत दिवसभर बसली की किस्से साठतातच. कुणी मुद्दाम साठवत नाही. चहाच्या वेळी एक निघतो, त्याला लागून दुसरा, आणि कुणी नवीन माणूस आला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. आमच्या खोलीतले किस्से ऐकून माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "पण तुम्ही नक्की करता काय?" इथं आमचं घोडं अडतं.

तर आम्ही गोचीड करतो. खरी नाही, व्हिडिओ गेममधली. बंगळूरची एक कंपनी गेम काढतेय. त्यात एक अंतराळयान दूरच्या ग्रहावर उतरतं. तिथं सगळीकडे जंगल, आणि त्या जंगलात एक जीव असतो जो माणसाच्या अंगाला चिकटतो आणि त्याच्यावरच जगतो. हा जीव जन्मतो कसा, खातो काय, अंगावर किती काळ राहतो, त्या अंगाचं पुढं काय होतं, हे सगळं कुणीतरी बसून ठरवावं लागतं. खोटंच असतं, पण पटावं लागतं. ते ठरवायचं काम माझं. त्याचं चित्र आणि हालचाल करतो गोपाळ. कोड लिहितो मंजू. आणि सगळं झालं की तोच गेम दिवसभर खेळून चुका काढते सविता. लोंढ्याजवळच्या रामनगरात एका खताच्या दुकानाच्या वर आमची खोली आहे. परग्रहावर युरियाचा वास येतो, एवढं आम्ही खात्रीनं सांगू शकतो.

आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर परदेशात एक माणूस बसलेला आहे. तो आमच्या फायली वाचतो आणि बाजूला लाल अक्षरात शेरे मारतो. त्याचं नाव आम्हाला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून आम्ही त्याला लालसाहेब म्हणतो. शास्त्रात परजीवी ज्याच्या अंगावर जगतो त्याला यजमान म्हणतात, त्यामुळं आमच्या त्या जीवाचंही नाव आपोआप पडलं, पाव्हणा.

हे सगळे किस्से दीड-दोन वर्षांतले आहेत. सांगितले नाहीत तर रात्रंदिवस डोक्यात फिरतात, त्यापेक्षा सांगितलेले बरे.

* * *

अठरा वर्षं मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, तेही कॉन्ट्रॅक्टवर. दर जूनला नवीन नेमणूक, दर मार्चला निरोप. एकोणिसाव्या जूनला नेमणूक आलीच नाही. मी घरी बसून तांदूळ निवडत होते तेव्हा गोपाळ आला. माझाच जुना विद्यार्थी, जंगलाला लागून असलेल्या बाजारकुणंग गावचा. मागच्या बाकावर बसून वहीत खेकडे काढायचा. मला वाटलं लग्नाची पत्रिका घेऊन आला असेल.

त्यानं चहासुद्धा घेतला नाही. म्हणाला, "मॅडम, एक विचारायचं व्हतं. सहा पाय ठिवू का आठ?"

मी म्हटलं, "कुणाला?"

"गोचिडीला."

"अंड्यातनं निघालेल्या पिल्लाला सहा, वाढ झाली की आठ. हे मी तुला शिकवलं होतं."

गोपाळ एवढा खूश झाला की त्यानं तिथंच कंपनीला फोन करून मला नोकरी लावली. अठरा वर्षांत कॉलेजनं जे केलं नाही ते गोचिडीच्या दोन पायांनी केलं.

गोपाळनं स्वतः ही नोकरी धरली ती एकाच कारणासाठी. त्याला त्याच्या बाला जंगलात जाण्यापासून थांबवायचं होतं. आई गेलेली, घरात दोघंच. बा, म्हणजे सोमादादा, साठीच्या पुढचे, आणि अजून रोज डोंगर चढून जंगलात. कधी जळणाची फाटी, कधी पाला, कधी मध. पोराला पगार सुरू झाला की बा घरात बसेल, असा गोपाळचा साधा हिशोब. पहिल्या दिवशी त्यानं घरी जाऊन सांगितलं, "बा, आता मी कमावतो. तू बस."

सोमादादांनी विचारलं, "करतोस काय पन?"

"गोचीड करतो."

सोमादादा म्हणाले, "करायला कशाला पायजे? हाय ती कमी हाय व्हय?"

* * *

माझं पहिलंच भांडण लालसाहेबाशी झालं. त्याचं म्हणणं, पाव्हणा अंगाला चिकटला की माणूस दहा सेकंदांत मेला पाहिजे. मी सविस्तर लिहिलं की बाबा रे, जो परजीवी यजमानाला एवढ्या घाईनं मारतो तो मूर्ख. घर जाळून टाकल्यावर राहणार कुठं? चांगला परजीवी कसा असतो, तर यजमानाला कळूसुद्धा देत नाही. गुपचूप पितो, त्याला चालता-फिरता ठेवतो, कामाला जाऊ देतो. वर्षानुवर्षं जगतात दोघं.

लालसाहेबाचं उत्तर आलं: खेळणारी माणसं वर्षानुवर्षं थांबत नाहीत.

मी एक तास मागितला. तो वीस सेकंदांवर आला. मी पंधरा मिनिटांवर आले. असं आठवडाभर चाललं. शेवटी तीन मिनिटांवर मिटलं. कोट्यवधी वर्षांची उत्क्रांती, आणि मी ती तीन मिनिटांना देऊन टाकली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मंजू आमचा धारवाडकडचा. मराठी बोलतो, पण आतून कानडी. तो म्हणाला, "मॅडम, तुमी बाजारात कोथिंबिरीला पन एवडं वेळ भांडत नाय."

* * *

सविता कॅसलरॉकची. सकाळच्या गाडीनं लोंढ्याला उतरायचं, तिथनं मिळेल त्या टेम्पोनं रामनगर. गाडी लेट झाली की आमचा गेमही लेट. पावसाळ्यात एकदा ती भिजून आली, बूट काढला, आणि पायातनं रक्ताचा ओघळ. जळू लागलेली, आणि तिला पत्ता नाही. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. सवितानं डब्यातली चपाती काढून कागदावर ठेवली, जळू डब्यात टाकली, झाकण लावलं आणि डबा माझ्यापुढं सरकवला. "मॅडम, रेफरन्स."

ती चुका लिहायची तेही असंच. कंपनीनं दिलेल्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, चूक किती गंभीर आहे तो. बाकीचे लोक तिथं एक, दोन, तीन असे आकडे घालतात. सविता लिहायची: "घाण", "लई घाण", "बघवत न्हाई".

लालसाहेबानं विचारलं, हे कोणतं मोजमाप आहे? मंजूनं कळवलं की स्थानिक आहे. ते चालून गेलं. त्याच्याकडनं एवढी एकच गोष्ट विनाशेऱ्याची सुटली असेल.

* * *

पाव्हणा माणसाच्या अंगावर चढतो कसा, हे ठरत नव्हतं. मी म्हटलं, जाऊन बघू. गोचिडी गोळा करायची शास्त्रातली एक रीत आहे. पांढरं फडकं घ्यायचं आणि पाचोळ्यावरनं हळूहळू ओढत न्यायचं. गोचिडी गवताच्या, पानाच्या टोकावर पुढचे पाय पसरून वाट बघत असतात. काही हललं की धरतात.

उन्हाचे दिवस होते. मी घरातली जुनी चादर फाडून फडकं केलं आणि गोपाळबरोबर बाजारकुणंगला गेले. त्याच्या घरामागं पाचोळ्यात अर्धा तास फडकं ओढत फिरले. तीन मिळाल्या. सोमादादा कट्ट्यावर बसून हे बघत होते. मी घामाघूम होऊन आल्यावर म्हणाले, "बाई, त्ये फडकं कशाला? हिकडं बघा की." आणि त्यांनी पंचा गुडघ्याच्या वर घेतला.

पोटरीवर, गुडघ्याच्या खोबणीत, मांडीवर, मी मोजायचं सोडून दिलं. ते बोटानं एकेक दाखवायला लागले. "ही आजची. ही कालची, फुगली हाय बघा. ही परवाची, आता सोडंल." माझ्या साऱ्या पुस्तकांत एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मी वही काढून उतरून घेत होते. गेममध्ये आज पाव्हण्याचे जे तीन रंग आहेत ते सोमादादांच्या पोटरीवरचे आहेत.

गोपाळ मात्र मान फिरवून उभा होता. म्हणाला, "बा, जाऊ नकोस म्हणून किती सांगायचं?"

"मग पाला कोन आनील?"

आमच्याकडं उन्हाळ्यात जंगलातला वाळका पाला झाडून आणतात, गोठ्यात गुरांच्या पायाखाली पसरतात. त्याचं खत होतं, आणि पावसाच्या आधी ते भाताच्या खाचरात जातं. ज्यानं पाला आणला नाही त्याचं शेत शेत नाही, असं सोमादादांच्या पिढीचं पक्कं.

गोपाळ म्हणाला, "मी इकत आनतो खत."

त्यानं आणलंही. खालच्याच दुकानातनं आठ पोती, टेम्पोत घालून. पुढच्या रविवारी घरी गेला तर खत गोठ्याच्या कोपऱ्यात जमिनीवर ओतलेलं, आणि पोती धुऊन वाळत घातलेली. सोमादादा खूश होते. म्हणाले, "पोती झ्याक हायत. दीड पट पाला मावतो."

गोपाळनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा मंजू खुर्चीवरनं खाली बसला, एवढा हसला. गोपाळही हसला. पण नंतर बराच वेळ त्यानं माऊसला हात लावला नाही.

* * *

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत जंगलात माकडं मरायला लागली. रस्त्याच्या कडेला एक, ओढ्यात एक. आमच्या भागात माकडं मेली की लहान पोरालाही कळतं, माकडताप आला. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात, आणि पाचोळ्यातनं माणसावर. आरोग्यखात्याची माणसं गावोगाव अंगाला लावायचं तेल वाटून गेली. जंगलात जाणाऱ्यानं हातापायाला चोळायचं, गोचीड चढत नाही.

गोपाळनं बाच्या हातात बाटली दिली, चोळायचं कसं ते दाखवलं, देवाशप्पथ घ्यायला लावली. आठवड्यानं बाटली रिकामी. गोपाळ निश्चिंत झाला. दुसरी आणून दिली. तीही रिकामी. मग एका सकाळी तो लवकर उठला तर सोमादादा गोठ्यात बसून ते तेल गाईला चोळत होते. कानाच्या मागं, शेपटीखाली, आचळांच्या बाजूला, निगुतीनं.

"बा, त्ये तुला दिलंय."

"माझ्या अंगावर शर्ट हाय," सोमादादा म्हणाले. "तिच्या अंगावर काय हाय?"

हा किस्सा आमच्या खोलीत दहा वेळा तरी सांगून झाला असेल. बंगळूरहून कंपनीचा माणूस आला तेव्हा त्यालाही सांगितला. मीसुद्धा दर वेळी हसले. हे मला नोंदवून ठेवायचं आहे, की मी हसले. मला गोचिडीचं सगळं आयुष्य पाठ होतं, आणि मी उठून बाजारकुणंगला गेले नाही, त्या म्हाताऱ्याच्या पायाशी बसून तेल चोळून घ्या म्हटलं नाही. मी हसले आणि चहा प्याले.

* * *

त्याच सुमाराला लालसाहेबानं नवीन मागणी केली. पाव्हणा चावल्यावर यजमान आजारी पडतो तो टप्प्याटप्प्यानं कसा, त्याचा तक्ता द्या.

मी मन लावून केला. पहिला टप्पा, ताप, डोकं, अंग मोडून येणं. दुसरा टप्पा, ताप जातो. यजमान उठून बसतो, जेवतो, त्याला वाटतं सुटलो. तिसरा टप्पा, ताप उलटतो, आणि आता डोक्यात शिरतो. हे मी हवेतनं काढलं नव्हतं. माकडताप काही जणांत असाच वागतो. मधला जो बरं वाटण्याचा काळ आहे तो मला फार आवडला होता. गेममध्ये असं कुणी केलं नसेल, असं मी सगळ्यांना सांगत होते.

लालसाहेबाचा शेरा आला. लाल अक्षरात, पण पहिल्यांदाच कौतुकाचा: हा मधला टप्पा अप्रतिम आहे, यामुळं खेळणारा बेसावध राहील. आम्ही चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी मागवली. मंजूनं तो शेरा भिंतीला चिकटवला.

त्यानंतर चौथ्या दिवशी सोमादादांना ताप भरला.

अठरा वर्षं शास्त्र शिकवलेल्या बाईनं असं म्हणू नये. पण मला वाटलं, हे मी लिहिलंय. अजूनही वाटतं. कुणी समजूत घालायला आलं की मी मान हलवते.

* * *

सोमादादांना बेळगावच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासायला लांब पाठवलं, उत्तर यायला दिवस लागणार. गोपाळ खाटेशेजारी स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप. रजा मागितली तर कंपनी म्हणाली, पाव्हण्याची अंतिम आवृत्ती याच महिन्यात हवी. मग तो तिथंच काम करत बसला. एकीकडं बाच्या कपाळावर पट्टी, दुसरीकडं स्क्रीनवर पाव्हणा, आठ पायांचा, स्क्रीनभर, तोंडाचे दाते सुटे करून दाखवलेले.

शेजारच्या खाटेवर खानापूरकडचे एक म्हातारे होते. ते दोन दिवस हे बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. त्यांनी गोपाळला खूण करून जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "एवढी मोठी चावली व्हय रं तुझ्या बाला?"

गोपाळनं मला फोनवर हे सांगितलं आणि हसायला गेला. ते हसणं नव्हतं. मी सोमादादांचा ताप किती आहे ते विचारलं.

* * *

बाराव्या दिवशी ताप उतरला. सोमादादा उठून बसले, पेज मागितली, नर्सला तिचं गाव विचारलं. डॉक्टर म्हणाले, माकडतापच निघाला, घरी न्या, पण महिनाभर नुसता आराम. ताप उलटू शकतो. गोपाळला हे सांगायची गरज नव्हती. त्यानं तो तक्ता स्वतः रंगवला होता.

त्यानं घरनंच काम करायचं ठरवलं. बाजारकुणंगला त्याच्या घरात रेंज नाही. वीस मिनिटं चढून गेलं की एक मोठा धोंडा आहे, त्याच्यावर मिळते. अख्ख्या गावाचे फोन तिथं. गोपाळ दिवसभर बाजवळ बसून काम करायचा आणि संध्याकाळी धोंड्यावर जाऊन पाठवायचा.

त्या आठवड्यात एक रकाना भरायचा राहिला होता. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे बरं वाटतंय त्या काळात, यजमान काय करतो? मी तो रिकामा सोडला होता. गोपाळनं भरला: "परत जंगलात जातो."

संध्याकाळी तो धोंड्यावर असताना मी फोनवर त्याला विचारलं, "हे का लिहिलंस?"

"बा सकाळपासनं पोती झटकतोय, मॅडम."

तो रकाना, तो तक्ता आणि पाव्हण्याची सगळी फाईल कंपनीला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हवी होती. म्हणून तो सकाळीच धोंड्यावर गेला. जाताना बाला कट्ट्यावर बसवलं, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला. "मी येईस्तवर हितनं उठायचं न्हाई."

"कुठं जातोय मी," सोमादादा म्हणाले.

फाईल मोठी होती आणि रेंज मरतुकडी. अर्ध्यावर जाऊन दोनदा तुटली. सगळी जायला तीन तास लागले. तो खाली आला तेव्हा कट्ट्यावर तांब्या होता.

जंगलात फार लांब जावं लागलं नाही. सोमादादांनी एक पोतं गच्च भरलं होतं, दुसरं निम्मं झालं होतं, आणि ते भरलेल्या पोत्याला टेकून बसले होते. अंगात सणकून ताप. गोपाळला बघून म्हणाले, "ह्ये एवढं भरून घी. मग जाऊ."

* * *

शेजाऱ्याच्या जीपनं पुन्हा बेळगाव. जंगलात गेले नसते तर ताप उलटला नसता का? मला विचाराल तर सांगता येत नाही. घरात बसून असलेल्यांचाही उलटतो. पण निदान शक्ती राहिली असती अंगात. डॉक्टरही तेवढंच म्हणाले. सोमादादांची शुद्ध दुसऱ्या दिवशी गेली. पाचव्या दिवशी ते गेले.

त्याच पाच दिवसांत लालसाहेबाचा शेरा आला. गोपाळनं भरलेल्या त्या रकान्याच्या बाजूला: यजमानाचं वागणं पटत नाही. तिथं काय आहे हे त्याला माहीत आहे. मग तो परत का जाईल?

मी खोलीत एकटीनं ते वाचलं. मग उत्तर लिहायला बसले. दोन पानं लिहिली. खत म्हणजे काय, खाचर म्हणजे काय, पावसाच्या आधी काय काय करावं लागतं, पासष्ट वर्षांच्या माणसाला घरात बस म्हटल्यावर त्याच्याजवळ काय उरतं, सगळं. इंग्रजीत, शब्दकोश उघडा ठेवून लिहीत होते. मंजू मागं येऊन उभा राहिला, वाचत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, नका पाठवू. त्येच्या घरात गोठा नाय. त्येला काय कळनार."

मी दोन्ही पानं पुसून टाकली. शेरा तसाच राहिला, उत्तराची वाट बघत.

* * *

तेरावं झाल्यावर गोपाळ आला. डोक्यावरचे केस काढलेले, गळ्याची हाडं दिसायला लागलेली. सवितानं चहा केला. कुणी किस्सा सांगितला नाही.

त्यानं कॉम्प्युटर लावला. तो शेरा समोरच होता. आम्ही तो आधी लपवायला हवा होता, पण लालसाहेबाचे शेरे लपत नाहीत. गोपाळनं वाचला. गोपाळ म्हणजे लालसाहेबाशी पायाच्या एका नखासाठी तीन तीन दिवस भांडणारा. मी वाट बघत होते. मला वाटलं आता लॅपटॉप फेकेल, आणि फेकला असता तर मी उचलून दिला नसता.

त्यानं उत्तर लिहिलं, एका ओळीचं. "बरोबर आहे. बदलतो."

त्यानंतर आठ-दहा दिवस तो कुणाला स्क्रीन दाखवत नव्हता. मग एका दुपारी नवीन आवृत्ती सविताकडं गेली. ती खेळायला बसली. अर्धा तास झाला, तास झाला, ती तिथंच. एरवी ती तासात चाळीस चुका काढते. शेवटी तिनं फॉर्म भरला, तो आम्हा सगळ्यांकडं आला.

"यानाच्या दारात एक म्हातारा यजमान बसलाय. ताप उतरलेला आहे, चालता येतं, पण जागचा हलत नाही. मी हाका मारल्या. दार उघडं टाकलं. बाकीचे सगळे जंगलात पाठवून बघितले. वीस वेळा पहिल्यापासनं खेळले. तो उठतच नाही." किती गंभीर, तो रकाना तिनं रिकामा सोडला होता.

गोपाळनं तिच्याकडं बघितलं नाही. खाली उत्तराच्या जागी त्यानं टाइप केलं:

"चूक न्हाई. ऱ्हाऊ दे त्याला तितंच."